रॅकेट माळ्यावर ठेवू नका

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या आळीतली एक मुलगी दहावीचे पेढे द्यायला आली. मागोमाग तिचे वडीलही आले. मुलीला डॉक्टर व्हायचंय हे तिनं सातवीतच जाहीर केलेलं, आणि गेली पाच वर्षं ती टेनिस खेळते हेही आळीत सगळ्यांना ठाऊक. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. वडिलांनी अर्ज भरण्याआधी एका कागदावर यादी केली होती. लातूर, पुणं, कोल्हापूर, आणि सगळ्यात खाली रत्नागिरी. म्हटलं, "आणि टेनिस?"

"दोन वर्षं रॅकेट माळ्यावर, काका. एकदा मेडिकलची नीट निघाली की खेळू दे तिला जन्मभर."

मुलगी काही बोलली नाही. पेढ्यांचा डबा बंद करत राहिली.

हे वाक्य मी रत्नागिरीत किती घरांत ऐकलंय याची गणती नाही. रॅकेटच्या जागी कुठं खो-खोचे बूट असतात, कुठं तबला. बोलणारे आईबाप मुलांवर जीव टाकणारे असतात, आणि त्यांची भीती खोटी नसते. तरीही मला वाटतं की हे वाक्य चुकीचं आहे, आणि त्या यादीचा क्रमही चुकीचा आहे. ज्या मुलाला डॉक्टर व्हायचंय आणि जो मनापासून एखादा खेळ खेळतो, त्यानं अकरावी-बारावीसाठी आपल्या गावातलं लहान कॉलेज घ्यावं आणि खेळ बंद करू नये. यात मी कुणाला कमी स्वप्न बघायला सांगत नाही.

आधी त्या 'दोन वर्षां'चा हिशेब मांडू. अकरावी आणि बारावी झाली दोन. मनासारखे गुण पडले नाहीत तर एक वर्ष रिपीट, आणि ते हल्ली इतकं सर्रास झालंय की पालक ते आधीच मनाशी धरून चालतात. मग एमबीबीएस साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक. त्यानंतर पदव्युत्तर प्रवेशासाठी पुन्हा नीट, पुन्हा क्लास, आणि प्रवेश मिळाला की तीन वर्षं रेसिडेन्सी, ज्यात चोवीस-चोवीस तासांच्या ड्यूट्या असतात. माळ्यावर ठेवलेली रॅकेट खाली काढायची वेळ कधी येणार? सोळाव्या वर्षी ज्याला "अभ्यास आहे ना, मग खेळ कशाला" हे शिकवलं, तो सव्विसाव्या वर्षी "पेशंट आहेत ना, मग खेळ कशाला" असंच म्हणणार. रॅकेट तिथंच राहते. तिच्या तारा सैल होतात, ग्रिपचं रबर चिकट होतं, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात जाते.

भीती मात्र खरी आहे, तिला बगल देऊन चालणार नाही. देशात नीटला २० लाखांहून जास्त मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्यातल्या सरकारी फीच्या जागा आणखी कमी. परीक्षा एकच, १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. खेळाचा त्यात एकही गुण नाही. बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, नीटला ती सोय नाही.

आणि इथं कोकणाचं एक जुनं दुखणं आहे. कोकण मंडळ बारावीच्या निकालात दर वर्षी राज्यात पहिलं येतं. २०२५ साली राज्याचा निकाल ९१.८८ टक्के होता, कोकणाचा ९६.७४. त्याच वर्षी लातूर मंडळ शेवटचं होतं. पण मेडिकलच्या प्रवेशाची गोष्ट निघाली की नाव निघतं लातूरचं. आमची मुलं उत्तरं नीटनेटकी लिहितात, पाठ करतात, क्वचितच नापास होतात. पण भौतिकशास्त्राचं उदाहरण एका मिनिटात सोडवून चार पर्यायांतला एक निवडायचा, हा सराव त्यांना कमी पडतो.

लातूरनं हा सराव वर्षानुवर्षं खपून उभा केलाय. राजर्षी शाहू आणि दयानंदसारख्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी दर आठवड्याची चाचणी, चुकलेल्या प्रश्नांची उजळणी आणि शंका विचारायला संध्याकाळी बसलेला शिक्षक, अशी एक शिस्त घालून दिली. त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे. दुष्काळी मुलखातल्या गरीब घरांतून तिनं डॉक्टर घडवले. पण ही शिस्त लातूरच्या पाण्यात नाही. आठवड्याची चाचणी रत्नागिरीतही घेता येते. प्रश्नसंच इथंही मिळतात, एनसीईआरटीची पुस्तकं तर सगळीकडे तीच आहेत. भौतिकशास्त्राचा चांगला शिक्षक हाच खरा तुटवडा आहे. तो जिथं नाही तिथं ऑनलाइन क्लासनं बरीचशी उणीव भरून काढता येते, पूर्ण नाही. हे मी लपवत नाही. ज्या मुलाचं भौतिकशास्त्र कच्चं आहे आणि गावात विचारायला कुणीच नाही, त्यानं बाहेर जाण्याचा विचार जरूर करावा. पण निर्णय त्या एका विषयाच्या तपासणीवर व्हावा. शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून होऊ नये.

लहान गावातल्या लहान कॉलेजकडे असं काय आहे जे मोठ्या शहरात पैसे टाकूनही मिळत नाही? वेळ. रत्नागिरीत मुलगा सकाळी घरून निघाला की सायकलवर किंवा एसटीच्या शहरी गाडीनं थोड्या वेळात कॉलेजात पोचतो. १९४५ साली रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज काढलं, त्याचंच आजचं नाव गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. त्याच्या अभ्यंकर-कुलकर्णी कनिष्ठ महाविद्यालयात गावातल्या कितीतरी डॉक्टरांची अकरावी-बारावी झाली. तिथून मारुती मंदिराजवळचं शिवाजी स्टेडियम गावातल्या गावात. घर, कॉलेज, मैदान हा त्रिकोण पायी फिरता येतो. पुण्यात हाच त्रिकोण मुलाचे रोजचे दोन तास खातो. हॉस्टेलवर राहिला तर मेसची रांग, कपडे धुणं, आजारपण, हे सगळं त्याच्याच वेळेतून जातं. रत्नागिरीतल्या मुलाला हे तास फुकट मिळतात. त्यातला दीड तास मैदानावर गेला तरी अभ्यासाचं एक मिनिटही कमी होत नाही. "खेळायला वेळ कुठाय" या प्रश्नाला माझं हेच उत्तर आहे.

दुसरी संपत्ती जीवशास्त्राची, आणि नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात. प्राणिसृष्टीच्या धड्यात एकायनोडर्मटा संघ येतो, नळीपाय येतात, समुद्रफूल येतं. लातूरचा मुलगा ते चित्रात बघतो. आमच्या मुलांनी ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांत डोकावायचं, एवढंच. काजळी नदी भाट्याला समुद्रात मिळते तिथं खारफुटी आहे. चिखलातून वर आलेली तिची श्वसनमुळं हातानं चाचपता येतात. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. आणि पावसाळ्यात सड्यावर जा. जांभ्याच्या कातळावर बोटभर पाणी साचतं आणि त्यात निळ्या-जांभळ्या फुलांची झुंबड उडते. तीच सीतेची आसवं, युट्रिक्युलारिया, पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाणारी कीटकभक्षी वनस्पती. पुस्तकात ती एका ओळीची असते, इथं ती एका श्रावणात मैलभर पसरलेली दिसते. ज्या मुलानं ती गुडघे टेकून पाहिली त्याला ती ओळ पाठ करावी लागत नाही. तरी आपण आपली मुलं हे सगळं सोडून, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसणाऱ्या खोलीत पाठवतो, जीवशास्त्र शिकायला.

बाहेर जाण्याची किंमत पैशांत मोजतात तेवढीच नसते. २०२३ साली राजस्थानातल्या कोट्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या इतक्या वाढल्या की ऑगस्टमध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनानं क्लासना दोन महिने चाचण्या थांबवायला सांगितलं. पुढं जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कोट्याला गेलेलं प्रत्येक मूल खचतं असं मी म्हणत नाही, कित्येक जण तिथून नाव काढून येतात. पण सोळाव्या वर्षी घरापासून तोडलेल्या मुलाला वाईट गुण पडलेल्या संध्याकाळी कुणाकडे जाता येतं? आईकडे? फोनवर. मित्राकडे? तो त्याच यादीत त्याचा प्रतिस्पर्धी. मैदानावर? ते तर दोन वर्षांसाठी बंद. दुःख उतरवायच्या तिन्ही जागा आपण एकदमच काढून घेतलेल्या असतात.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवतो, कारण पालक ती उशिरा वाचतात. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, आणि त्या कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. म्हणून बाहेरच्या राज्यात जाणारी मुलं इथल्या एखाद्या कॉलेजात नावापुरता प्रवेश घेतात आणि वर्गात पाऊल न टाकता बारावी होतात. प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात न धरता मूल विज्ञानाचं प्रमाणपत्र मिळवतं. पुढं हाच हात शिरेत सुई घालणार आहे.

आता टेनिसबद्दल. टेनिस हा रत्नागिरीचा खेळ नाही. कबड्डी, कॅरम, क्रिकेट हे आमचे खेळ, आणि खो-खो, ज्यात इथल्या मुली महाराष्ट्राच्या संघात खेळल्या. टेनिसला कोर्ट लागतं, चेंडू लागतात, शिकवणारा लागतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या कोर्टावर पाणी असतं. इथला टेनिसपटू वर्षातले आठ महिनेच टेनिसपटू असतो. उरलेले चार महिने त्यानं हॉलमध्ये बॅडमिंटन खेळावं, दोरीउड्या माराव्यात, भिंतीवर चेंडू मारावा. क्रमवारीच्या स्पर्धा पुण्या-मुंबईला, कोल्हापूरला. त्यात वर चढायचं असेल तर शनिवार-रविवार प्रवासात जातो. म्हणून या मुलीसारख्या मुलांना मी स्वच्छ सांगतो. राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या दहांत यायचंय आणि सरकारी मेडिकलही मिळवायचंय, हे रत्नागिरीतून एकाच वेळी होणार नाही. दोन्हींपैकी एक निवडावं लागेल. पण जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत उतरणं, जिंकलं तर कोल्हापूर विभागापर्यंत जाणं, आणि रोज दीड तास मनापासून खेळणं, हे होतं. शालेय स्पर्धा बहुतेक दिवाळीच्या आगेमागे उरकतात, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आणि नीट मे महिन्यात. वेळापत्रक आडवं येत नाही. आडवी येते ती भीती.

आणि डॉक्टर होणाऱ्या मुलाला टेनिस जे देतं ते कुठला क्लास देत नाही. कोर्टावर तो एकटा असतो. दोन गुणांच्या मध्ये नियमानं पंचवीस सेकंद मिळतात, तेवढ्यात डबल फॉल्ट विसरून पुढच्या सर्व्हिसला उभं राहायचं. नीटच्या खोलीतही एक उदाहरण फसलं की पुढच्या तीन प्रश्नांत हात थरथरतो, आणि तिथं हीच विसरण्याची सवय कामी येते. पण मला याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. मुलांच्या लहान स्पर्धांत प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे आपणच सांगायचं. चेंडू रेषेला लागलेला फक्त तुम्ही पाहिलाय, आणि तो आत आहे म्हटलं तर सामना जातो. चौदाव्या वर्षी ज्या मुलीनं अशा वेळी "आत" म्हटलंय, तिच्या हातात उद्या माझा केसपेपर द्यायला मी तयार आहे. डॉक्टराच्या खोलीतही पंच नसतो. तपासणी गरजेची होती की नव्हती, चूक झाली की नाही, हे बहुतेक वेळा त्या एकट्यालाच ठाऊक असतं.

प्रकृतीचा पुरावाही आहे. कोपनहेगन शहरातल्या हजारो माणसांचा पंचवीस वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बैठ्या माणसांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचं आयुष्य ९.७ वर्षांनी जास्त दिसलं, बॅडमिंटनवाल्यांचं ६.२, धावणाऱ्यांचं ३.२. टेनिस खेळणारे सहसा सुखवस्तू असतात, त्यामुळं सगळं श्रेय रॅकेटला देता येणार नाही. पण सोबत्याबरोबर खेळायचे खेळ या यादीत वर आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जन्मभर दुसऱ्यांना "रोज व्यायाम करा" सांगणार असलेल्या मुलाकडून आपण सुरुवातीलाच व्यायाम काढून घेतो. आणि २०१९ पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गांतच खेळासाठी तास राखलेत. कॉलेज मैदानावर बोलावतं तेव्हा मुलाचं शरीर दोन वर्षं खुर्चीत आखडलेलं असतं.

अभ्यास आणि खेळ एकत्र जमत नाही म्हणणाऱ्यांनी रॉजर बॅनिस्टर आठवावा. ६ मे १९५४ रोजी चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला माणूस लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातला वैद्यकाचा विद्यार्थी होता. जेवणाच्या सुट्टीत जवळच्या मैदानावर सराव करायचा, आणि विक्रमाच्या दिवशीही सकाळी रुग्णालयात होता. पुढं तो नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ झाला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचे, १९४८ चे कर्णधार तालिमेरेन आओ कोलकात्यात डॉक्टरकी शिकत होते. खेळ संपल्यावर ते नागालँडला परतले आणि आरोग्यसेवेत राहिले. गोव्यात जन्मलेले वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होते आणि डॉक्टरही होते. टेनिस त्यांच्या घरात मुलानं, लिअँडरनं, आणलं. आणि आपल्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक? डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिलं वर्ष जवळजवळ सगळं तालमीला आणि पोहण्याला दिलं, प्रकृती कमकुवत होती म्हणून. मंडालेची सहा वर्षं सोसणारं शरीर त्या वर्षाची कमाई आहे, असं मी मानतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथं डॉक्टरकी चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते, म्हणून मुलं विल्यम्स किंवा अ‍ॅमहर्स्टसारखं लहान कॉलेज निवडतात, जिथं प्राध्यापक नावानं ओळखतात आणि कॉलेजच्या संघातून टेनिस खेळता येतं. त्या दर्जाच्या स्पर्धांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. मुलं खेळावर प्रेम असतं म्हणून खेळतात. अठराव्या वर्षी एका परीक्षेवर सगळं ठरण्याची आपली रीत त्यांना नाही, त्यामुळं त्यांचा मार्ग जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण लहान कॉलेज म्हणजे दुय्यम कॉलेज, ही समजूत तिथं नाही, आणि ती आपणही सोडायला हवी.

आपल्या जिल्ह्यात तर त्यासाठी जमीन तयार होते आहे. सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेज आहे आणि त्याच परिसरात मोठं क्रीडासंकुलही आहे. औषध आणि मैदान एका कुंपणात नांदताना बघायचं असेल तर मुलांना घेऊन तिथं एक दिवस जाऊन यावं. २०२३ पासून रत्नागिरीत १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. आजवर डॉक्टर व्हायला गाव सोडावं लागत होतं, आता बाहेरगावची मुलं डॉक्टर व्हायला रत्नागिरीत येतात. मग आपली मुलं तयारीसाठी गाव का सोडतात, हा प्रश्न इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी स्वतःला विचारायला हवा. त्यांच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. शनिवारी नीटच्या धर्तीवर चाचणी घ्या आणि सोमवारी तिच्या चुका वर्गात सोडवा. विज्ञानाची प्रॅक्टिकल्स संध्याकाळी पाचच्या पुढं नेऊ नका. आणि बारावी विज्ञानाच्या मुलांची नावं क्रीडा विभागाच्या यादीतून परस्पर गाळू नका, आधी त्यांना विचारा.

त्या मुलीच्या वडिलांशी मी पुन्हा बोललो. यादीत रत्नागिरी वर आलं, लातूर दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. भौतिकशास्त्रासाठी त्यांनी एक शिक्षक शोधलेत आणि पहिल्या तीन महिन्यांच्या चाचण्या बघून पुन्हा बसायचं ठरलंय. मला हे पटतं.

ज्यांच्या घरी अजून अर्ज भरायचाय त्यांना एक विनंती. अंतिम तारखेच्या आधी एका संध्याकाळी मुलाला बरोबर घ्या, हातात घड्याळ ठेवा, आणि घरापासून कॉलेजपर्यंत, कॉलेजपासून मैदानापर्यंत, मैदानापासून घरापर्यंत चालून या. किती मिनिटं लागली ते कागदावर लिहा आणि तो कागद समोर ठेवून पसंतीक्रम भरा.